हिरव्या मुनियेसाठी ओरियाची सकाळ : माउंट अबूमधील एका स्थानिक पक्षीफेरीविषयी

माउंट अबूला जाणाऱ्या मराठी पर्यटकांचा मुक्काम बहुधा दिलवाड्याची मंदिरे, नक्की तलाव आणि गुरुशिखर एवढ्यातच संपतो. गुरुशिखराच्याच रस्त्यावर ओरिया आणि अचलगडच्या शेतशिवारात हिरवी मुनिया राहते आणि ती दाखवण्यासाठी तिथले काही स्थानिक तरुण सकाळची पायी फेरी काढतात. ओरियातल्याच शेतकरी कुटुंबातील एका वाटाड्यासोबत आम्ही अशी फेरी केली. सेवा फार चांगली आहे. ती कशामुळे चांगली आहे हे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण याच पक्ष्याच्या नावावर निष्काळजी सेवाही मिळते आणि नवख्या माणसाला दोहोंतला फरक लगेच कळत नाही.

ज्यांना पक्षी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे जिला मनोली म्हणतात त्याच कुळातली, जेमतेम 10 सेंटिमीटर लांबीची ही चिमुकली मुनिया केवळ भारतीय उपखंडात आढळते. दक्षिण राजस्थानपासून मध्य भारतापर्यंत तिची वस्ती तुकड्यातुकड्यांत विखुरलेली आहे आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातील जातींच्या लाल यादीत ती ‘असुरक्षित’ वर्गात मोडते. अबूची ओरिया–गुरुशिखर पट्टी ही तिच्या खात्रीच्या जागांपैकी एक आहे. माउंट अबू अभयारण्य 1960 मध्ये जाहीर झाले आणि 2009 मध्ये भोवतालचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. तरीही या पक्ष्याचा बराचसा दिवस घनदाट जंगलात न जाता शेताच्या बांधावर, गवतात आणि झुडपांच्या कडेला जातो, आणि म्हणूनच त्याचे भवितव्य वनखात्याइतकेच तिथल्या शेतकऱ्यांच्या हाती आहे.

आमच्या वाटाड्याने फेरीची आखणी नेमकी याच गोष्टीभोवती केली आहे. उजाडता उजाडता तो गावाबाहेरच्या गव्हाच्या वाफ्यांकडे नेतो, बांधापासून बऱ्याच अंतरावर थांबवतो आणि तिथून पुढे एक पाऊलही टाकू देत नाही. सुरुवातीला हे अंतर जास्त वाटते. पण थवा आपल्या वेळेने झुडपातून उतरून गवतावर येतो तेव्हा त्या अंतराचे मोल कळते. नर पाहताना पाठीचा शेवाळी हिरवा रंग, पोटाचा फिकट पिवळा रंग आणि लालभडक चोच आधी नजरेत भरते. तो गवताच्या काडीवर आडवा होऊन तुऱ्यातले बी ओढू लागला की कुशीवरचे काळे-पांढरे पट्टे एकेक मोजता येतील इतके स्पष्ट होतात. त्याच काडीच्या खाली काळपट चोचीचे, पट्टे नसलेले दोन मळकट पक्षी बसले होते. ती त्याच वर्षाची पिल्ले आहेत आणि थव्यात पिल्ले दिसणे म्हणजे वीण यशस्वी झाल्याचा पुरावा, हे वाटाड्याने न विचारता सांगितले. नुसता पक्षी दाखवणारा माणूस ही गोष्ट सांगत नाही.

त्याचा दुसरा नियम असा की मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही आणि दाणे टाकायचे नाहीत. याआधी दुसऱ्या एका गटासोबत (नाव लिहीत नाही) गेलो असताना छायाचित्रकारांसाठी दगडावर बाजरी पसरून ठेवली होती, त्यामागे सुकी फांदी रोवली होती आणि पक्षी तिच्यावर बसेपर्यंत आवाज अखंड चालू होता. छायाचित्रे देखणी आली असतील, यात शंका नाही. परंतु जो पक्षी जाळे लावणाऱ्यांना थव्याने सापडतो म्हणून दुर्मीळ झाला, त्यालाच रोज ठरावीक वेळी ठरावीक दगडावर उतरण्याची सवय लावणे म्हणजे जाळे टाकणाऱ्याचे काम सोपे करून ठेवणे होय. हा धोका कल्पनेतला नाही. मुनियांचा व्यापार या देशात फार जुना आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात नव्वदीच्या दशकाच्या आरंभी दुरुस्ती झाली आणि रानातल्या देशी पक्ष्यांच्या खरेदी-विक्रीवर सर्वंकष बंदी आली, तरी पक्षीबाजारांत मुनिया येतच राहिल्या. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही हिरव्या मुनियेचे नाव आहे. आपल्या शहरांतल्या दुकानात पिंजऱ्यात वाढवलेल्या ऑस्ट्रेलियन झेब्रा फिंच विकायला असतात. त्यांच्या शेजारी कोणी ‘देशी फिंच’ म्हणून मुनिया दाखवली तर ती रानातून पकडलेली आहे असेच समजावे आणि वनखात्याला कळवावे. पुण्य मिळेल म्हणून ती विकत घेऊन सोडून देणेही टाळावे, कारण विक्रेत्याला पैसे मिळाले की तो आणखी पक्षी मागवतो.

फेरीतला सर्वांत विचार करायला लावणारा भाग घाणेरीचा (लँटानाचा) होता. ही परदेशी वनस्पती आपल्या सह्याद्रीत जशी माजली आहे तशीच अबूतही माजली आहे, आणि ती काढून टाकण्याची मागणी योग्यच आहे. पण हिरवी मुनिया रात्रीच्या आसऱ्यासाठी आणि ससाण्या-शिक्र्यापासून लपण्यासाठी याच काटेरी दाटीत शिरते. वाटाड्याने एका उतारावर शेजारी शेजारी असलेले दोन तुकडे दाखवले : एकात घाणेरी सरसकट उपटली होती आणि तिथे उघडी माती उरली होती; दुसऱ्यात करवंदाच्या जुन्या जाळ्या शाबूत होत्या आणि थवा पाणी पिऊन तिथेच परतत होता. त्याचे म्हणणे असे की आधी करवंद वाढू द्यावे आणि मग तेवढीच घाणेरी टप्प्याटप्प्याने काढावी. मला हे पूर्णपणे पटले. अधिवास वाचवणे म्हणजे परकी झाडे तोडण्याचा आकडा वाढवणे नव्हे, आणि ही गोष्ट कुठल्याही माहितीफलकापेक्षा त्या उतारावर उभे राहून अधिक नीट समजते. ज्या शेतकऱ्यांनी बांधावरचे गवत आणि जाळ्या ठेवल्या आहेत त्यांना फेरीच्या उत्पन्नातला काही वाटा दिला जातो, असे त्याने सांगितले. ज्यांच्या बांधावर आम्ही थांबलो त्या घरी चहाही झाला आणि त्यांनी याला दुजोरा दिला.

उणिवाही आहेत. दुर्बीण आपली आपण न्यावी लागते. वाटाड्याकडे एकच आहे आणि गट मोठा असेल तर ती पुरत नाही. सगळे निवेदन हिंदीत असते, त्याला आमची हरकत नव्हती, पण लहान मुलांसाठी एखादे चित्रपत्रक असायला हवे होते. फेरीचा उत्तरार्ध थोडा घाईचा झाला. युवराज हा तुरेवाला छोटा पक्षी आणि राखाडी रानकोंबडा दोन्ही दिसले, तरी त्यांच्यावर पुरेसा वेळ मिळाला नाही. गटात पाच-सहांपेक्षा जास्त माणसे घेऊ नयेत, असे मी त्याला सुचवले आहे.

अबू रोड स्थानकापासून माउंट अबू सुमारे 28 किलोमीटर घाटरस्त्याने आहे. फेरी पहाटेची असल्यामुळे आदल्या रात्रीचा मुक्काम वरच करावा. हिवाळ्यात पहाटे कडाक्याची थंडी असते आणि जंगलात अस्वलांचा वावर आहे, तेव्हा अंधारात एकट्याने ओरियाच्या वाटेला लागू नये. शुल्क माणशी नसून गटाचे आहे आणि ते फोनवरच ठरते. ते ठरवतानाच आवाज वाजवणार का आणि दाणे टाकणार का, हे दोन प्रश्न विचारावेत. दोहोंचे उत्तर ‘नाही’ असे आले तर निःशंकपणे जावे. फक्त जवळून छायाचित्र हवे असणाऱ्याने या फेरीला जाऊ नये. बाकी कुणालाही मी तिची शिफारस करीन.