कॉन्टेसाचं वायरिंग आणि नवे मीटर : शंभर फुटी रोडच्या मिस्त्रींकडं करून घेतलेलं काम

आधीच सांगतो, जुन्या गाडीचं इलेक्ट्रिकचं काम नीट करणारा माणूस सांगलीतच आहे, त्यासाठी गाडी पुण्याला न्यायची गरज नाही. दुकान शंभर फुटी रोडला आहे, एकच शटर, आत एका वेळी एकच गाडी मावते. नाव टाकत नाही कारण मिस्त्रींनीच तसं सांगितलंय, एकटे काम करतात, फोन वाजत राहिला की हातातलं काम राहतं म्हणाले.

गाडी अण्णांची. १९८९ ची कॉन्टेसा क्लासिक, १.८ लिटरचं इसुझूचं पेट्रोल इंजिन. हिंदुस्तान मोटर्सनं व्हॉक्सहॉलच्या जुन्या मॉडेलवरनं १९८४ ला ही गाडी काढली, आणि मसल कार म्हणल्यावर आपल्याकडं जी एक गाडी डोळ्यापुढं येते ती हीच, लांब बॉनेट, रुंद मागची बाजू, समोरच्या सीटवर आरामात बसायचं. अण्णा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करायचे, तासगावला बेदाण्याच्या सौद्याला पण हीच गाडी घेऊन जायचे, त्यामुळं ती विकायचा विषय घरात कधी निघालाच नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात गाडी गावभागात घरापुढंच अडकली, सीटपर्यंत पाणी होतं. पूर ओसरल्यावर इंजिन उघडून साफ केलं, सीट बदलल्या, कार्पेट नवं टाकलं, पण वायरिंग वरनं चांगलं दिसत होतं म्हणून तसंच ठेवलं आणि तिथंच चुकलं. कपलरच्या आत कृष्णेचा गाळ बसलेला, पिना हिरव्या पडलेल्या, आणि वायर सोलली तर आतलं तांबं पार काळं.

त्यात मी बाहेरगावच्या एका दुकानात तीन जादा मीटर लावून घेतले होते, टेंपरेचर, ऑइल प्रेशर आणि व्होल्ट. त्यांनी जुन्या वायरी सोलून नुसता पिळा मारला, वरनं टेप गुंडाळली, आणि मीटरचं अर्थिंग (बॉडीला जाणारी मायनसची वायर) डॅशच्या दिव्यांच्या त्याच सडक्या अर्थिंगवर जोडलं. मग काय व्हायचं, हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा जागेवरनं हलायचा, बंद केला की परत जागेवर. एका रात्री हायवेला पेठ नाक्याच्या अलीकडं जळका वास आला, डॅशखालनं धूर, शेजारी अण्णा बसलेले. गाडी कडेला घेऊन बॅटरीची वायर काढेपर्यंत हातापायातलं बळ गेलं होतं. त्या दिवसापासून हे काम कुणाकडं द्यायचं ते नीट चौकशी केल्याशिवाय ठरवायचं नाही असं पक्कं केलं.

या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी पक्कड हातात धरलीच नाही. मल्टिमीटर आणि शंभर पानी वही घेऊन बसले, एक एक वायर कुठनं निघते, कुठं जाते, रंग कोणता, सगळं पेन्सिलीनं काढलं. मग टाकीतलं युनिट, म्हणजे पेट्रोल किती आहे ते मीटरला कळवणारा सेंडर, बाहेर काढून त्याचा तरंगणारा फ्लोट हातानं वर-खाली केला आणि रिकामी, अर्धी, भरलेली असे तीन ओहम (वायरीतल्या रोधाचं माप) लिहून घेतले. मी आणलेले मीटर व्हीडीओ (VDO) कंपनीच्या जातीचे, म्हणजे टाकी रिकामी असली की १० ओहम आणि भरली की १८०. आमचं जुनं युनिट बरोबर उलटं, टाकी भरत जाईल तसे ओहम कमी होणारं, म्हणजे तसंच जोडलं असतं तर टाकी फुल केल्यावर काटा रिकाम्यावर जाऊन बसला असता! बाहेरनं मीटर मागवणाऱ्यांनी हे एवढं लक्षात ठेवाच, कारण प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं आहे, जुन्या जीएमच्या (जनरल मोटर्स) गाड्यांचं ० ते ९०, फोर्डचं ७३ ते १० असं उलटं, आणि मीटर कितीही भारी घेतला तरी सेंडर त्याच्या जोडीचा नसला तर काटा खोटंच दाखवणार. शेवटी टाकीत मीटरच्या जोडीचं नवं युनिट टाकलं, टाकीची खोली मोजून त्याचा दांडा कापला.

ऑइल प्रेशरचं तर आणखी बारीक. इसुझूच्या ब्लॉकला जपानी इंजिनाला असतो तसा १/८ बीएसपी (ब्रिटिश मापाचा) टेपर, म्हणजे निमुळता, आटा आहे, इंचाला २८ फेरे, आणि मीटरच्या सेटबरोबर आलेला सेंडर अमेरिकन एनपीटी मापाचा, इंचाला २७. हातानं दोन-तीन फेरे आरामात जातो, बसला असं वाटतं, आणि पान्यानं ताणला की ब्लॉकचा आटा गेला. मिस्त्रींनी तो हातात धरूनच ओळखला, कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवरनं पितळेचा अडॅप्टर करून आणला ३५० रुपयात. टेफलॉन टेप गुंडाळू दिली नाही, एका वायरचा सेंडर अर्थ आट्यातनंच घेतो, मध्ये टेप आली की रीडिंग बिघडतं.

टेंपरेचरचा सेंडर गाडीला लावायच्या आधी शेजारच्या चहाच्या गाड्यावर पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडला, त्याच्या अंगाला अर्थची वायर बांधली, आणि काटा १०० च्या जवळ जाईपर्यंत आम्ही दोघं मीटरकडं बघत उभे. इतकं करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

मला अँपिअर मीटर हवा होता, १९६८-७० च्या डॉज चार्जर या अमेरिकन गाडीच्या डॅशवर असतो तसा. मिस्त्री नको म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. त्या गाड्यांत चार्जिंगचा करंट फायरवॉलवरच्या कपलरमधनं आत डॅशपर्यंत येतो आणि मीटरमधनं फिरून परत बाहेर जातो, वय झालं की तेच कपलर तापून वितळतं, म्हणून तिकडची माणसं सुद्धा तो बायपास करून व्होल्टमीटर लावतात. मिस्त्री एवढंच बोलले, "एवढी जाड चालू वायर अण्णांच्या गुडघ्यापुढनं कशाला न्यायची?" व्होल्टमीटरच ठेवला. सकाळी सेल मारायच्या आधी १२.६ च्या आसपास, गाडी चालू झाली की १४, डायनामोची तब्येत कळायला एवढं पुरतं.

बाकी वायरिंग बोनेटपासून मागच्या दिव्यापर्यंत नवीन, रंग कंपनीचेच ठेवलेत. हेडलाइटला रिले, मीटरना वेगळा ५ अँपिअरचा फ्यूज आणि वेगळं अर्थ. कुठंही डाग (सोल्डर) दिलेला नाही, सगळं क्रिंप करून, म्हणजे पिना दाबून बसवून, वर स्लीव्ह, कारण डाग दिलेली वायर हादऱ्यानं डागाच्या कडेलाच तुटते. फ्यूज बॉक्स डॅशच्या वरच्या अंगाला घेतला, पुराचं पाणी डोक्यात ठेवून, हे मी सांगितलेलं पण नव्हतं. आरपीएम मीटर कॉइलच्या मायनसला, मीटरच्या मागचं बटण चार सिलिंडरवर, अर्ध्या तासाचं काम. डॅश कुठंही कापला नाही, चारही जादा मीटर खाली पत्र्याच्या वेगळ्या पट्टीवर बसवलेत, पेट्रोलचा सुद्धा तिथंच, आणि मूळ मीटर जागच्या जागी.

आता खटकलेलं. सहा दिवस सांगून एकोणीस दिवस लागले, आणि मधल्या काळात फोन उचलत नाहीत, प्रत्येक वेळी जाऊन बघावं लागलं. पक्कं बिल नाही, कागदावर लिहून देतात. पेट्रोलचा काटा शेवटच्या पाव टाकीला भराभर खाली येतो, टाकी खाली निमुळती आहे म्हणून तसं होणार हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं, पहिल्या वेळी मी घाबरून विटा नाक्याला पंपावर थांबलो. मजुरी ९,५०० झाली, वायर, रिले, फ्यूज बॉक्स आणि टाकीचं युनिट मिळून ५,८००, मीटर माझे होते. घाईत असणाऱ्यानं इथं जाऊ नये. पण वायर ओढायच्या आधी मोजणारा माणूस पाहिजे असेल तर मी पाचातले साडेचार देईन, अर्धा फोनसाठी कापला.

वहीतल्या त्या आकृतीची झेरॉक्स त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कप्प्यात ठेवून दिलीय, पुढं कुणीही हात घातला तर त्याला वायर शोधत बसायला नको. गेल्या रविवारी अण्णांना घेऊन तासगावला गणपतीला जाऊन आलो, येताना अंधार पडला, हेडलाइट लावला आणि अण्णा पहिल्यांदा वाकून टेंपरेचरच्या काट्याकडं बघत होते. काटा ८५ वरनं हलला नाही. "राहिला की जागेवर," म्हणाले, आणि मागं टेकून बसले.

वायपरच्या मोटरचं काम राहिलंय, त्याला दिवाळीनंतरची तारीख मिळालीय.