सायटिकासाठी मोजूनमापून दिलेला आराम : काही महिन्यांनंतरचा अनुभव

कंबरेतून निघून मांडी-पोटरीवरून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी कळ ज्यांनी सोसली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कळ कुठवर जाते ते विचारून आणि पाय सरळ वर उचलून पाहून डॉक्टरांनी कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली असणार असं सांगितलं. भेटेल तो म्हणत होता, महिनाभर पडून राहा. डॉक्टरांनी मात्र आराम औषधासारखा लिहून दिला : फार तर दोन दिवस, कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. तिसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चालायचं आणि झेपेल तसं वाढवत न्यायचं.

कळ येत असताना चालायचं, हे पचनी पडायला वेळ लागतो. डॉक्टरांनी शांतपणे कारण सांगितलं, आणि माझ्या मते या उपचाराची खरी ताकद तिथेच आहे. नेदरलँड्समध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सायटिकाचे १८३ रुग्ण होते. एका गटाला दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, दुसऱ्याला जमेल तसं वावरू दिलं. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत ८७ टक्के लोकांना बरं वाटत होतं. म्हणजे पडून राहिल्याने जास्तीचं काहीच पदरात पडलं नाही, आणि स्नायू अशक्त होतात ते वेगळंच. गादीचा बाहेर आलेला भाग बहुतेक वेळा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, हेही तेव्हाच कळलं. ऑपरेशनची धास्ती त्या दिवशी निम्मी झाली.

पेनकिलर जेवणानंतर आणि ठरलेल्या दिवसांपुरतीच. ती लिहिण्याआधी किडनी, ॲसिडिटी, बीपी सगळं विचारून घेतलं. पहिले सहा आठवडे एमआरआय नको म्हणाले. काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही सरकलेल्या गाद्या दिसतात.

आता कळ गेली आहे. पोटरीत अधूनमधून मुंग्या येतात, त्याही कमी होत चालल्यात. तक्रार एकच : बैठ्या कामाबद्दल मला खोदून खोदून विचारावं लागलं. सलग बसलं की सगळ्यात जास्त त्रास व्हायचा, दर अर्ध्या तासाने उठायला लागले तेव्हा फरक पडला. तुमचं काम बसून असेल तर पहिल्याच भेटीत हे विचारून घ्या.

आणि हा सरसकट सगळ्यांसाठीचा सल्ला नाही. लघवी अडकली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल वर उचलेनासं झालं, तर चालत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ही तीन लक्षणं डॉक्टरांनी मला चिठ्ठीवर लाल शाईने लिहून दिली होती. तुमच्या डॉक्टरांनी सांगितली नसतील तर आवर्जून विचारा.