घरभेट, माता बैठक की मोबाइल? तीन वर्षांखालच्या लेकरांसाठी गावाने पैसा कशावर घालावा

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. आमच्या यवतमाळ-वर्धा भागात तो बहुतेकदा अंगणवाडीच्या खुर्च्या, सतरंज्या आणि भिंतीवरच्या चित्रांत जातो. तीन वर्षांखालचं लेकरू मात्र घरीच वाढतं. अंगणवाडीशी त्याचा संबंध टीएचआरची (घरी न्यायच्या शिध्याची) पाकिटं, वजन आणि लसीकरणाचा दिवस, एवढाच. म्हणून तुमची पंचायत किंवा बचत गटांचा ग्रामसंघ यंदा या लेकरांना सांभाळणाऱ्यांना त्यांच्याशी खेळायला-बोलायला शिकवण्याचा विचार करत असेल, तर मला मनापासून आनंद आहे. कोणती पद्धत घ्यायची, एवढंच ठरवायचं उरतं.

घरभेटीच्या बाजूने पुरावा सगळ्यात जुना आणि भक्कम आहे. जमैकाच्या किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये उंची खुंटलेल्या लेकरांच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जायच्या. घरच्याच वस्तूंची खेळणी करून लेकराशी कसं खेळायचं, कसं बोलायचं, हे आईला दाखवायच्या. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी पाहिलं तर ती मुलं तशाच, पण घरभेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. आपल्याकडेही घरभेट नवी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरोघरी पोचवली. आज आशाताई बाळाच्या ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात घरी येते. त्यामुळे दारात कोणी वही घेऊन आलं, तर गाव बिचकत नाही.

घरभेटीत काय घडतं ते मी एका ओसरीवर पाहिलं. चौदा महिन्यांचं लेकरू, आणि बाजूला आजी सुपात तूर पाखडत बसलेली. ‘‘एवढ्याशा लेकराशी काय बोलाव? त्याले काय समजते?’’ घरभेटीला आलेल्या ताईने काही न बोलता कापडी चेंडू लेकरासमोर स्टीलच्या वाटीखाली झाकला. ते वाटीकडे बघत राहिलं, मग दोन्ही हातांनी वाटी उचलली, चेंडू पाहिला आणि हसून थेट आजीच्या तोंडाकडे पाहिलं. आजीने सूप खाली ठेवलं. ‘‘अखीन एक डाव लपव बरं,’’ म्हणाली. तिची खात्री पटायला अर्धा मिनिटही लागला नाही.

अडचण हातांची आहे. नीट बसून करायचं तर एक ताई दिवसाला चार-पाच घरं करते. गावात चाळीस लेकरं असतील आणि आठवड्याला एक भेट द्यायची असेल, तर आठ-दहा दिवसांचं काम झालं. म्हणजे एकीने भागत नाही. आणि कापसाची वेचणी लागली की निम्म्या दारांना कुलूप.

इथे बैठकीचं पारडं जड ठरतं. ओडिशातल्या १९२ गावांत हीच तुलना दोन वर्षं करून पाहिली गेली. लेकरांच्या आकलनात घरभेटीने आणि छोट्या गटाने जवळजवळ सारखाच फरक पडला. खर्च मात्र दर लेकरामागे वर्षाला घरभेटीचा सुमारे १३५ डॉलर, तर गटाचा ३८ डॉलर आला. पण गट म्हणजे मोजक्या आया, मांडीवर लेकरं आणि दर आठवड्याला ठरलेली वेळ. माइक लावून साठ बायकांसमोर केलेलं भाषण यात धरू नका. अंगणवाडीच्या ‘आरंभ’ उपक्रमामुळे पालक मेळावे आपल्याकडे ओळखीचे झाले आहेत आणि ते गावाला जागं करतात. तरी वर्षातून एक-दोन मेळाव्यांनी आईच्या हाताला सवय लागत नाही.

गटात मला आवडतं ते सुनांचं बोलणं. घरी सासूसमोर मान खाली घालून बसणारी सून इथे विचारते, ‘‘माझं अजून बोलतच नाही, काही वाईट तर नसेल?’’ आणि उत्तर शेजारणीकडून येतं. उलट, दिवसभर लेकरू जिच्या कडेवर असतं ती आजी बैठकीला बोलावलेलीच नसते. एका गावात आम्ही दिवसातले दहा तास लेकरू कोणाजवळ असतं याची यादी केली. निम्म्याच्या वर आज्या निघाल्या, आणि काही घरांत शाळा बुडवून थांबलेली मोठी बहीण. बैठकीचं नाव आम्ही ‘माता बैठक’ ठेवलं होतं. चूक आमचीच होती, आणि तिची किंमत त्या लेकरांनी मोजली.

मोबाइलवरून शिकवण्याच्या पर्यायावर फार वेळ घालवू नका. फोन बापाच्या खिशात वावरात जातो, आणि आजीला मेसेज वाचता येत नाही. बैठकीची आठवण द्यायला तो पुरे.

मी ठरवलं असतं तर असं: पंधराच्या आत लेकरं असलेला पोड (छोटी आदिवासी वस्ती) किंवा तांडा असेल, तर घरभेट. मोठ्या गावात सहा-आठ जोड्यांचे साप्ताहिक गट, लेकरू आणि त्याला सांभाळणारी, मग ती कोणीही असो. वजन कमी असलेलं, चालायला-बोलायला मागे पडलेलं, वीटभट्टीवरून परतलेल्या घरातलं लेकरू, अशा मोजक्यांसाठी घरभेट वेगळी. पैसा खेळण्यांवर नको. गावातल्याच बारावी झालेल्या एखाद्या ताईचं मानधन आणि महिन्यातून एकदा तिच्या सोबत बसून चुका दाखवणारी अनुभवी बाई, यावर घाला. काय शिकवायचं तेही विकत घ्यावं लागत नाही. केंद्राच्या ‘नवचेतना’ आराखड्यात (२०२४) जन्मापासून ३६ महिन्यांपर्यंतचे १४० उपक्रम महिनावार दिलेले आहेत.

सुरुवात पोळा झाल्यावर करा. तेव्हा निंदण उरकलेलं असतं आणि सोयाबीनच्या सोंगणीला अवकाश असतो. तेवढ्या दिवसांत चार-पाच बैठका झाल्या की सवय लागते. पुढे वेचणीत बाया वावरात गेल्या, तरी आज्या दुपारी येत राहतात.