लेह की काझा? खिसा आणि रजा दोन्ही बेताची असतील तर

मार्च उलटला की ठाण्यात, नव्या मुंबईत हा प्रश्न हमखास कानावर येतो: यंदा लडाख करायचं की स्पिती? विचारणाऱ्याने दोन्हीकडचे व्हिडिओ पाहिलेले असतात. तेच उघडेबोडके डोंगर, तेच निळंशार आकाश, तेच गोंपा म्हणजे बौद्ध मठ. मग सगळी तुलना येऊन थांबते तिकिटावर. विमान महाग, ट्रेन स्वस्त, चला स्पितीला. पण तिकीट हा या हिशेबाचा छोटा भाग आहे. लडाखचं मुख्य गाव लेह. तिथे पैसे खरे सुटतात ते पोचल्यानंतर, फिरताना. हिमाचलमधल्या स्पितीचं मुख्य गाव काझा. तिथे फिरणं स्वस्त पडतं, पण पोचेपर्यंत रजा संपत आलेली असते.

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, काझा त्याहूनही थोडं वर. दिल्लीहून लेहचं विमान सव्वा-दीड तासात पोचवतं. दुपारी तिथे वारे सुटतात म्हणून बहुतेक विमानं सकाळची असतात, त्यामुळे दिल्लीत रात्र काढावी लागण्याची तयारी ठेवा. तीन महिने आधी पाहिलंत तर मुंबईहून जाऊन-येऊन पंधरा-वीस हजारांत जमू शकतं. मे महिन्यात ऐनवेळी पाहिलंत तर आकडा बघून अॅप बंद कराल. नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून बेलापूर-खारघर-पनवेलकरांची पहाटेची अंधेरीपर्यंतची धावपळ वाचली आहे. घोडबंदरवाल्यांना मात्र अजूनही जुनंच जवळ.

विमान नको असेल तर हिमाचल परिवहनची दिल्ली-लेह बस आहे. हजार किलोमीटरहून लांबचा रस्ता, मधे केलाँग, भाडं दोन हजारांच्या आसपास. ती फक्त उन्हाळ्याचे तीन-चार महिनेच धावते आणि बसायला पाठीचा कणा चांगला लागतो.

काझाला विमानतळ नाही, रेल्वेही नाही. आपल्याला सोयीचं म्हणजे पनवेल. कोकण रेल्वेवरून चंडीगडला जाणाऱ्या संपर्क क्रांती गाड्या तिथे थांबतात. रोज नसतात, आणि आरक्षण आता ६० दिवस आधीच खुलं होतं, तेव्हा तारीख धरून बसावं लागतं. चंडीगडहून रात्रीची बस किन्नौरमधल्या रेकाँग पिओला आणि तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळची बस काझाला. पिओ ते काझा सुमारे २०० किलोमीटर, पण अख्खा दिवस जातो. रस्ता सतलजच्या कडेने, खाबला स्पिती नदी येऊन मिळते, पुढे नाको, ताबो. घरातून निघाल्यापासून चौथ्या दिवशी तुम्ही काझात. एका बाजूचा प्रवासखर्च स्लीपरने अडीच-तीन हजारांत बसतो, दिवस मात्र येऊन-जाऊन आठ गेले.

‘मनालीवरून जवळ पडतं की’ असं कोणीतरी म्हणणारच. जवळ आहे, खरं आहे. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून मनालीपलीकडच्या लाहौल खोऱ्यात जायला रोहतांग खिंड चढावी लागत नाही. पण काझाच्या वाटेवरची कुंझुम खिंड, साडेचार हजार मीटरच्या वरची, तशीच आहे. ती साधारण मेअखेर किंवा जूनमध्ये उघडते. ग्राम्फू ते बाटल हा पट्टा तर रस्ता कमी आणि नदीचं पात्र जास्त. शाळांच्या सुट्टीत जाणाऱ्याने या वाटेच्या भरवशावर राहू नये.

शिवाय शरीराचं गणित. आपण सारे समुद्रकाठचे. ठाण्याहून निघून दुसऱ्या सकाळी विमानाने ३,५०० मीटरवर उतरलं की पहिले दोन दिवस खोलीत पडून राहायचं, पाणी प्यायचं, फार तर संध्याकाळी बाजारापर्यंत चालायचं. यात तडजोड नाही. म्हणजे आठ दिवसांच्या रजेतले दोन तिथेच गेले. किन्नौरमार्गे काझाला जाताना पिओ २,३०० मीटरच्या आसपास, ताबो ३,३०० च्या आसपास, असं टप्प्याटप्प्याने चढणं होतं, आणि बसमधले दिवस हेच सवयीचे दिवस ठरतात. सोबत साठीचे आई-बाबा असतील तर मात्र मी लेहच म्हणेन. तिथे मोठं सरकारी रुग्णालय आहे, ऑक्सिजन आहे, आणि त्रास वाढलाच तर दुसऱ्या दिवशीचं विमान आहे. काझात त्रास झाला तर खाली उतरणं म्हणजे पुन्हा तोच रस्ता.

आता फिरण्याचं, कारण पैशांचा निकाल इथे लागतो. लेहमध्ये राहणं आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त आहे. डॉर्मिटरीतला पलंग पाचशे-आठशेला, चांगस्पाकडच्या गेस्टहाउसात दोघांची खोली दीड हजाराच्या आत-बाहेर. शे आणि ठिकसे ही जवळची मठांची गावं मिनीबसने होतात. पण लेहला कोणी शे-ठिकसे बघायला जात नाही. पँगाँग सरोवर जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या वर. नुब्रा खोऱ्यात जायला खारदुंग ला ही ५,३५९ मीटरवरची खिंड ओलांडायची. टॅक्सी युनियनचे दर ठरलेले, घासाघीस चालत नाही, आणि पँगाँगची गाडी दहा हजारांच्या आसपास जाते. चौघं असाल तर ठीक. एकटे-दुकटे असाल तर बाजारातल्या ट्रॅव्हल एजन्सींच्या दारांवरचे कागद वाचत फिरा: ‘पँगाँग, उद्या, दोन सीट हव्यात’ असं मार्करने लिहून चिकटवलेलं असतं. अशी सीट दोन-अडीच हजारांत मिळते. मोठ्या गर्दीचा बेताच्या खिशाला झालेला हा सरळ फायदा आहे. मनालीहून भाड्याची बाइक घेऊन गेलात तर ती लेहच्या पुढे नुब्रा-पँगाँगला चालवू देत नाहीत, तिथलीच भाड्याने घ्यावी लागते. स्वतःच्या नावावरची एमएच-०४ असेल तर अडवत नाहीत.

काझाभोवतीची गावं हाकेच्या अंतरावर. की गोंपा १४ किलोमीटर, किब्बर त्याच्या पुढे, लांगझा-हिक्किम-कोमिक दुसऱ्या बाजूला. दिवसभराची गाडी तीन-साडेतीन हजारांत होते, आणि किब्बरला तर संध्याकाळची बस आहे, सकाळी परत येते. एक रात्र किब्बरला राहण्याचं निमित्तच ते. होमस्टेमध्ये माणशी हजार-दीड हजारांत रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून व्यवस्था होते. लेहमध्ये दोन सहलींना जे जातं त्यात काझाभोवती आठवडा निघतो.

पर्यटनाने दोन्ही गावं बदलली, वेगवेगळ्या तऱ्हेने. लडाख बाहेरच्यांना १९७४ मध्ये खुलं झालं, स्पिती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. २००९ मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या शेवटी पँगाँग दिसला आणि देशी पर्यटकांची रीघ लागली. लेहला वर्षाला पाऊस पडतो सुमारे १०० मिलिमीटर. आपल्याकडे जुलैत एवढा एका दिवसात पडून जातो. तिथे शेती आणि घर चाललं ते बर्फाच्या वितळपाण्यावर आणि झऱ्यांवर. हॉटेलं आली, फ्लश आले, शॉवर आले, आणि पाणी बोअरवेलमधून उपसलं जाऊ लागलं. बाजारात पंजाबी थाळीपासून पिझ्झापर्यंत सगळं आहे. आपल्याकडचे टूरवाले तर पँगाँगच्या काठी वरण-भात वाढतात, त्याची जाहिरातही करतात.

स्पितीच्या गावांत कोरडा संडास अजून वापरात आहे. वरच्या मजल्यावर छोटी खोली, मातीच्या जमिनीत आयताकृती भोक, कोपऱ्यात मातीचा आणि राखेचा ढीग, त्यात खोचलेलं फावडं. काम झालं की दोन फावडी माती टाकायची. खाली जमा होतं ते खत वसंतात शेतात जातं. पाण्याचा थेंब लागत नाही, आणि थंडीमुळे वासही फारसा नसतो. अंघोळ म्हणाल तर बंबातलं एक बादली पाणी, तेही रोज नाही. ‘अंघोळीशिवाय चहा नाही’ असं व्रत ज्यांच्या घरात आहे त्यांनी लांगझाला राहण्याआधी कुटुंबाशी चर्चा करावी. मी हे थट्टेने म्हणत नाही. ज्यांना हे जमत नाही ते काझात अटॅच बाथरूमवाली खोली शोधतात, आणि जून-जुलैत ती लेहपेक्षा महाग मिळते, कारण अशा खोल्याच कमी.

काझाही काही अस्पर्श वगैरे नाही. कॅफे आहेत, ‘जगातलं सर्वांत उंच’ असं लिहिलेले फलक आहेत, आणि हिक्किमच्या टपाल कार्यालयापाशी पोस्टकार्ड लिहायला रांग लागते. तरीही आठ वाजता गाव झोपतं. ज्यांना संध्याकाळी बाजारात हिंडायला हवं असतं त्यांना तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो.

ऐरोली-महापेच्या ऑफिसातून एका आठवड्याची रजा मिळाली असेल तर काझाचा विचारही करू नका. लेहचं तिकीट लवकर काढा, नुब्रा किंवा पँगाँग यातलं एकच धरा. बारा-तेरा दिवस हातात असतील आणि माणशी वीस हजारांच्या आत बसवायचं असेल तर काझा.

महिना निवडताना आपलं पंचांग कामी येतं. मे महिन्यात लेहला विमानाने किंवा काझाला किन्नौरमार्गे. जुलै-ऑगस्ट टाळा: स्पिती पर्जन्यछायेत असलं तरी तिथे नेणारा किन्नौरचा रस्ता नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीला दरड कोसळून बससकट माणसं गेली. सगळ्यांत उत्तम सप्टेंबर, पण गौरी-गणपती सोडून उत्तरेला जाईल तो ठाणेकर कसला. म्हणून अनंत चतुर्दशीनंतरचा पंधरवडा घ्या. पितृपक्षात आपल्याकडचे लोक फारसे बाहेर पडत नाहीत, आकाश स्वच्छ असतं, दोन्हीकडे भाव उतरलेले असतात. दिवाळीत लेहला तिकीट स्वस्त मिळेल, पण बरीच गेस्टहाउसं बंद होत आलेली असतात आणि रात्री नळ गोठतात.

लेहसाठी पोस्टपेड सिम घरूनच घ्या, आपल्याकडचं प्रीपेड तिथे चालत नाही. काझासाठी रोख रक्कम चंडीगडलाच काढा.