गोदाकाठी नऊ महिने: खिशातल्या रेकॉर्डरचा अनुभव

दिवाळीत घेतला, आता श्रावण लागला. गोदावरीच्या काठचे आवाज गोळा करायचे, एवढ्यासाठीच हा मुठीत मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर घेतला. नदी १,४६५ किलोमीटरची. माझी मजल सुट्टीच्या दिवशी दहिसरहून निघून नाशिक, पैठण आणि एकदा नांदेड, एवढीच.

आधी तक्रार. वाऱ्याचा आवाज अडवायला सोबत येणारं फोमचं टोपण शोभेचं आहे. रामकुंडावरची संध्याकाळची आरती घरी येऊन ऐकली तर नुसती घरघर, जणू कुणी माइकवर उशी घासतंय. केसाळ टोपी वेगळी घ्यावी लागली. ती आधी घ्या, यंत्र मागाहून घेतलंत तरी चालेल!

खरी परीक्षा पैठणला, नाथषष्ठीत. दिंडीत ‘भानुदास-एकनाथ’चा गजर टिपेला पोचलेला, मी ऑटो लेव्हलवर (आवाज किती घ्यायचा ते यंत्रच ठरवतं) निर्धास्त. टाळ कडाडले की मृदंग गायब, आणि टाळ थांबले की मागच्या बाईंचं फोनवरचं बोलणं एकदम कानाशी. तेव्हापासून लेव्हल हातानेच लावतो, सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवून (शून्याला पोचला की आवाज फाटतो). तिथेच एका वयस्कर विणेकरीबुवांनी विचारलं, “माऊली, हे दाढीचं मशीन काय?” त्यांच्या कानाला हेडफोन लावला. मिनिटभर डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “मृदंग लांब का गेला?” दोष यंत्राचा नव्हता, मी टाळकऱ्यांच्या पुढ्यात उभा होतो.

नांदेडला हजूर साहिबमध्ये आधी परवानगी विचारली. पेटी, तबला, बसून ऐकणारी माणसं, वारा नाही. नऊ महिन्यांतलं सर्वांत स्वच्छ रेकॉर्डिंग तेच.

नाशिकला नारोशंकराची घंटा पाहिली. चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयानंतर तिकडे गेलेली, म्हणजे आमच्या खाडीपलीकडचीच! तिचा एक टोलसुद्धा मला मिळाला नाही. पण पावसाळ्यात घाटावर उभ्या माणसांचं “कमरेला लागलं… नाही हो, छातीला!” हे मिळालं. दुतोंड्या मारुतीवरून पुराचं माप सांगतात ते.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जावर रेकॉर्ड केलं तर तासाला साधारण एक जीबी जागा जाते. मोठं कार्ड घ्या. दोन पेन्सिल सेल दहा तास चालतात म्हणे. हेडफोन लावून मला सहा मिळाले.

आणि मुंबईकरांसाठी खास: जुलैत तीन आठवडे सेल आत ठेवूनच कपाटात पडला होता. काढला तर पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर, यंत्र ठार बंद. खोडरबराने घासून जिवंत केला. आता सेल बाहेर आणि यंत्र स्टीलच्या डब्यात, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका पुड्यांसोबत.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या षष्ठीला मृदंगाच्या बाजूने उभा राहणार आहे.