बूटस्ट्रॅप ५ चा लिस्ट ग्रुप: लिंकांच्या यादीसाठी छान, पण दोन गोष्टी सांभाळा

नाशिक जिल्ह्याच्या १५ तालुक्यांची पानं एका यादीत जोडायची तर बूटस्ट्रॅप या वेबसाइट बनवायच्या तयार साधनसंचातला हा यादीचा घटक मस्त आहे. मोबाइलवर ‘त्र्यंबकेश्वर’ची अख्खी ओळ दाबता येते, नुसती अक्षरं नव्हे. फक्त वर-खालचं पॅडिंग (ओळीतली मोकळी जागा) ८ पिक्सेलवरून १० करा, बोट चुकत नाही.

खरी खोट ‘डिसेबल्ड’ क्लासमध्ये, म्हणजे ओळ बंद दाखवायला कोडमध्ये द्यायच्या खुणेत आहे. ओळ करडी होते, माउस चालत नाही, पण टॅब आणि एंटर दाबून लिंक उघडतेच! अशा ओळीचा एचरेफच (लिंकचा पत्ता) काढून टाका.

शिवाय लिंका थेट डिव्हमध्ये (एचटीएमएलच्या साध्या चौकटीत) ठेवल्या, तर स्क्रीन रीडरला (अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ती यादी आहे हेच कळत नाही. यूएल-एलआय हे यादीचे टॅग ठेवा आणि आतल्या लिंकला ‘स्ट्रेच्ड-लिंक’ क्लास द्या. पूर्ण ओळ दाबायची सोय तशीच राहते.