विकतचा पिकअप: टेस्ला, पोलस्टार, मर्सिडीज की फोक्सवॅगन?

इलेक्ट्रिक गाडीची नवलाई वर्षभरात ओसरते. मग एखाद्या रात्री ॲप चाळताना 'अपग्रेड'च्या पानावर बोट थांबतं. पैसे भरा, पिकअप वाढवून देतो. गॅरेजची पायरी चढायची नाही, एक नटसुद्धा फिरवायचा नाही. अमेरिकेत आणि युरोपात राहणाऱ्या मित्रांपैकी कुणी ना कुणी मला विचारतंच, "घेऊ का रे?" माझं उत्तर गाडीपेक्षा दोन गोष्टींवर ठरतं: तुम्ही कुठल्या वेगाला ॲक्सिलरेटर दाबता, आणि गाडी किती वर्षं ठेवणार आहात.

आधी हे लक्षात घ्या की नवीन काही बसवलं जात नाही. मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग), बॅटरी सगळं तेच. मोटरला किती करंट सोडायचा याची मर्यादा सॉफ्टवेअर घालतं आणि पैसे भरले की ती सैल होते. माल गाडीत आधीपासून असतो याचा सगळ्यांना दिसलेला पुरावा म्हणजे सप्टेंबर २०१७. फ्लोरिडावर इर्मा चक्रीवादळ चालून येत असताना टेस्लाने तिथल्या काही मॉडेल एस आणि एक्स गाड्यांची बॅटरी दूरूनच 'मोठी' केली, म्हणजे ७५ किलोवॉट-तासांची असून ६० म्हणून विकलेली बॅटरी काही दिवसांपुरती पूर्ण खुली केली. लोकांनी आभारही मानले आणि चिडलेही. दोन्ही बरोबरच होतं.

आता आकडे. किलोवॉट म्हणजे मोटरची ताकद, मैल आणि किमी म्हणजे ताशी वेग, सेकंद म्हणजे तो गाठायला लागणारा वेळ. किमती ज्या वर्षी जाहीर झाल्या त्या वर्षाच्या आहेत. तुमच्या ॲपमधला आजचा भाव वेगळा असू शकतो.

| गाडी | आधी | नंतर | किंमत |
|---|---|---|---|
| टेस्ला मॉडेल ३ लाँग रेंज, दोन मोटरची (२०१९) | ० ते ६० मैल ४.४ सेकंद | ३.९ सेकंद | २,००० डॉलर, एकदाच |
| पोलस्टार २, दोन मोटरची (युरोप, २०२१) | ३०० किलोवॉट, ० ते १०० किमी ४.७ सेकंद | ३५० किलोवॉट, ४.४ सेकंद | १,००० युरो, एकदाच |
| मर्सिडीज ईक्यूई ३५० फोरमॅटिक सेडान (अमेरिका, २०२३) | २१५ किलोवॉट, ० ते ६० मैल ६.० सेकंद | २६० किलोवॉट, ५.१ सेकंद | महिना ६०, वर्ष ६०० किंवा कायमचे १,९५० डॉलर |
| फोक्सवॅगन आयडी.३ प्रो (ब्रिटन, २०२५) | १५० किलोवॉट | १७० किलोवॉट | महिना १६.५०, वर्ष १६५ किंवा कायमचे ६४९ पाउंड |

तक्ता पाहून पहिल्यांदा टेस्लाच डोळ्यांत भरते. पण माझं मत पोलस्टारला, आणि कारण तक्त्यात दिसत नाही. शून्यापासून सुटताना इलेक्ट्रिक गाडीला ताकद कमी पडत नाही, तिथे टायरची पकडच आधी संपते. खरी गरज गाडी आधीच वेगात असताना लागते आणि नेमकी तिथेच मोटरची ओढ उतरायला लागते. पोलस्टारने वाढीव ५० किलोवॉटचा बराचसा भाग ताशी ७० ते १३० किलोमीटरच्या पट्ट्यात दिला आहे. कंपनीच्या आकड्यानुसार ८० ते १२० हा टप्पा २.२ सेकंदांत, म्हणजे आधीपेक्षा अर्धा सेकंद लवकर. जर्मनीत महामार्गावर मालट्रकांना ताशी ८० ची मर्यादा असते. अशा ट्रकच्या मागे तुम्ही अडकलात, डावी लेन क्षणभर मोकळी झाली आणि आरशात मागून येणारी गाडी मोठी होत चालली आहे, अशा वेळी तो अर्धा सेकंद कामाचा आहे. वर हिशोबातही ती बरी पडते: एका किलोवॉटला २० युरो. मर्सिडीजच्या कायमच्या पर्यायात एका किलोवॉटला ४३ डॉलर पडतात, फोक्सवॅगनमध्ये ३२ पाउंड.

टेस्लाच्या अपग्रेडचा, म्हणजे 'ॲक्सिलरेशन बूस्ट'चा, अर्धा सेकंद बराचसा सिग्नल सुटतानाचा. मजा येते, नाकारत नाही. पण ४.४ सेकंदांची गाडी मुळातच कुणाला मागे राहू देत नाही. शिवाय मॉडेल ३ च्याच महागड्या परफॉर्मन्स मॉडेलबरोबर मोठे ब्रेकही मिळायचे, बूस्टबरोबर मिळतो तो फक्त वेग. पाठीमागच्या सीटवर लहान मुलं आणि पिशवीत डब्यांची चळत असेल तर दोन हजार डॉलर नव्या टायरसाठी ठेवा, ते लवकर लागतीलच.

मर्सिडीजची गोष्ट मात्र जरा गमतीची आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी वर्षाला १,२०० डॉलरचा पर्याय आणला आणि शिव्या खाल्ल्या. स्वतःच्या गाडीच्या पिकअपला भाडं? बीएमडब्ल्यूच्या गरम सीटांच्या मासिक वर्गणीवरून त्याच वर्षी गदारोळ झालेला, त्यात ही भर. पुढच्या वर्षी दर उतरले आणि कायमचा पर्यायही आला. मोठ्या ईक्यूएस ४५० ला तो तेव्हा २,९५० डॉलरला पडत होता. आता शांतपणे पाहिलं तर ईक्यूईमध्ये ०.९ सेकंद वाचतात, म्हणजे सेकंदाच्या प्रत्येक दशांशाला साधारण २१७ डॉलर. टेस्लामध्ये तोच दशांश ४०० ला. शिवाय सहा सेकंदांची जड गाडी पाचवर येते तेव्हा फरक पाठीला कळतो, ४.४ ची ३.९ झाल्यावर तितका कळत नाही. ज्या कंपनीला सगळ्यात जास्त नावं ठेवली, तिचाच सौदा या मोजपट्टीवर स्वस्त निघतो. फक्त महिन्याच्या साठ डॉलरच्या वाटेला जाऊ नका, वर्षाचे ७२० होतात.

वर्ष की कायमचं, याचं उत्तर गाडी तुमच्याकडे किती काळ राहणार यावर आहे. तीन वर्षांच्या लीजवर ईक्यूई घेतली असेल तर वार्षिक दराने १,८०० डॉलर होतात, कायमच्यापेक्षा १५० ने कमी. चौथं वर्ष लागलं की उलटं होतं. फोक्सवॅगनचंही तसंच: तीन वर्षांचे ४९५ पाउंड, चार वर्षांचे ६६०, म्हणजे कायमच्या दरापेक्षा ११ पाउंड जास्त. दर ठरवणाऱ्यांनी लीजचं कॅलेंडर समोर ठेवलं असावं, असा मला दाट संशय आहे.

आयडी.३ मध्ये २० किलोवॉटबरोबर टॉर्कही (चाकं फिरवणारा जोर) २६५ वरून ३१० न्यूटन-मीटरवर जातो. गावात फारसा उपयोग नाही, चढावर थोडा. पण कायमचा पर्याय गाडीला चिकटून राहतो, विकताना पुढच्या मालकाकडे जातो, आणि पहिला महिना फुकट चालवून बघता येतं.

गाडीबरोबर राहणं ही गोष्ट क्षुल्लक समजू नका. २०२० मध्ये अमेरिकेत एका सेकंडहँड टेस्ला मॉडेल एसमधून ऑटोपायलटच्या, म्हणजे चालवायला मदत करणाऱ्या, सुविधा विक्रीनंतर दूरूनच काढल्या गेल्याचं प्रकरण गाजलं होतं. बोंबाबोंब झाल्यावर त्या परत मिळाल्या. तेव्हा पावती जपून ठेवा, विकताना करारात अपग्रेडचं नाव लिहा, आणि जुनी गाडी घेताना स्क्रीनवर ते चालू आहे का ते स्वतः पाहा. विमा कंपनीलाही विचारा. ताकद वाढली म्हणजे गाडीत बदल झाला असं धरणाऱ्या कंपन्या आहेत, आणि अपघातानंतर हे कळण्यापेक्षा आधी एक फोन स्वस्त.

जुगाडाचाही रस्ता आहे. कॅनडातल्या क्यूबेकच्या इन्जेनेक्स्ट या कंपनीने मॉडेल ३ साठी टेस्लापेक्षा स्वस्तात पिकअप वाढवणारं बाहेरचं उपकरण विकलं. २०२० मध्ये टेस्लाच्या एका अपडेटने ते ओळखलं आणि स्क्रीनवर इशारा झळकू लागला. हौस असेल तर ठीक, पण रोज ऑफिसला न्यायच्या गाडीत हे उंदीर-मांजर कशाला?

मुंबईत जुलै २०२५ मध्ये आलेल्या टेस्ला मॉडेल वायवाल्यांनी यात डोकं घालायचं कारण नाही. त्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत, बूस्ट दोन मोटरच्या गाड्यांसाठी निघाला. मात्र एथरची स्कूटर घेताना जादा पैशांत सॉफ्टवेअरच्या सुविधा देणाऱ्या 'प्रो पॅक'वर घुटमळलेल्या कुणालाही हा सगळा प्रकार ओळखीचा वाटेल.

आयडी.३ असेल आणि अजून ठरत नसेल, तर तो फुकटचा महिना नेमका कधी सुरू करायचा तेवढं बघा. सुट्टीत, घरचे चार जण आणि सामान घेऊन वेल्सच्या डोंगरात जाणार असाल त्या महिन्यात. रोजच्या शाळा-दुकानाच्या फेऱ्यांत तो फरक कळायचाच नाही.